खारघरचे गोल्फ कोर्स खिशाला परवडणारेच राहू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गोल्फ म्हटले की ‘तो आपला खेळ नव्हे’ असे म्हणून आपल्याकडे विषय संपवला जातो. मुंबईपुरते त्यात तथ्य आहे. विलिंग्डन क्लब 1918 चा, चेंबूरचा बॉम्बे प्रेसिडेन्सी 1927 चा, दोन्ही सभासदांचे. सिडकोने मात्र खारघरच्या डोंगरपायथ्याशी, सेंट्रल पार्कजवळ जे गोल्फ कोर्स उभारले, तिथे सभासद नसलेल्या माणसालाही शुल्क भरून एक राउंड, म्हणजे कोर्सची एक फेरी, खेळता येतो. बेलापूरहून मेट्रोने सेंट्रल पार्क स्थानकावर उतरा, पुढे रिक्षा आहेच. इतके जवळ असूनही नवी मुंबईतल्या कित्येकांना याची कल्पना नाही, याचे वाईट वाटते.

गेल्या वर्षी पावसाळा सरताना कॉलेजात शिकणाऱ्या पुतणीला घेऊन गेलो. एका परिचितांकडून मागून आणलेले पाच क्लब, म्हणजे गोल्फच्या काठ्या, तिच्याकडे होते. नियमाने जास्तीत जास्त चौदा बाळगता येतात, पण नवशिक्याला पाच पुष्कळ झाले. तिचा एक फटका उंच गेला आणि बॉल ओल्या फेअरवेवर, म्हणजे कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर, पडून अर्धा चिखलात रुतून बसला. आता तसाच उकरून मारायचा, असे समजून ती क्लब निवडू लागली. पण इथे नियम खेळाडूच्या बाजूने आहे: असा बॉल दंड न घेता उचलायचा, पुसायचा आणि शेजारी गुडघ्याच्या उंचीवरून सोडायचा. पंच कोणी नाही. स्ट्रोक, म्हणजे फटके, आपणच मोजायचे, कार्डावर आपणच लिहायचे. पुढे ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर, जेमतेम 108 मिलिमीटर व्यासाच्या होलपाशी तिचा पट (बॉल घरंगळत होलकडे नेणारा हलका फटका) दोनदा काठावरून परतला, तरी तिने आकडा खरा लिहिला. शाळा-कॉलेजच्या वयात हे वळण लागणे मला फार मोलाचे वाटते. शिवाय कमी कसलेल्या खेळाडूला काही फटक्यांची सूट देणाऱ्या हँडिकॅपच्या पद्धतीमुळे साठीतला काका आणि विशीतली पुतणी बरोबरीने सामना खेळू शकतात. असे खेळ किती आहेत?

जागा आणि पाणी यांवरचे आक्षेप रास्त आहेत. नेरुळच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्सचा प्रस्ताव आला तेव्हा पर्यावरणप्रेमी न्यायालयात गेले, ते योग्यच केले. ती जागा पाखरांची आहे. खारघरलाही हिरवळीसाठी प्रक्रिया केलेले सांडपाणीच वापरले जावे, पिण्याचे नव्हे. पण जे कोर्स उभे आहे, त्याचा लाभ जास्तीत जास्त लोकांना मिळायला हवा. स्कॉटलंडमधले सेंट अँड्र्यूजचे जगप्रसिद्ध ओल्ड कोर्स सार्वजनिक जमिनीवर आहे. एरवी रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी फिरायला येतात. दिल्लीत लाडोसरायला विकास प्राधिकरणाचे सार्वजनिक कोर्स आहे. म्हणजे जगावेगळे काही मागत नाही.

सिडकोला माझी विनंती आहे की एका राउंडचे शुल्क, निदान सोमवार ते शुक्रवार, नोकरदाराला झेपेल असेच ठेवावे आणि नवशिक्यांना पाच-सहा क्लबचा संच माफक भाड्याने मिळावा. सर्वात महत्त्वाचे म्हणजे महापालिका आणि जिल्हा परिषद शाळांच्या मुलांसाठी आठवड्यातली एक सकाळ प्रशिक्षकासह राखून ठेवावी. वर डोंगरातल्या फणसवाडी, चाफेवाडीची मुले आधी बोलवावीत. दिल्लीत कॅडीचे, म्हणजे खेळाडूंची क्लबची पिशवी वाहण्याचे, काम करत मोठे झालेले अली शेर 1991 मध्ये इंडियन ओपन ही गोल्फ स्पर्धा जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले, हे त्या मुलांना कोणीतरी सांगायला हवे.

आम्हा खेळणाऱ्यांकडेही काही काम आहे. फटक्याने उखडलेला हिरवळीचा तुकडा जागच्या जागी दाबणे, बंकरमधल्या, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यांतल्या, वाळूवर दाताळे फिरवणे, मागच्या गटाला खोळंबून न ठेवणे. सार्वजनिक कोर्सवर हे ज्याचे त्याने करायचे असते.

मुलांच्या सकाळचे वेळापत्रक दिवाळीच्या सुट्टीआधी जाहीर व्हावे, म्हणजे शाळांना तयारीला वेळ मिळेल.

– एक वाचक, कोपरखैरणे, नवी मुंबई