गाठ सध्या आहे तिथंच राहू देतेय

प्रिय आई-बाबा,

माझ्या उजव्या कानाच्या आतल्या गाठीबद्दल फोनवर नीट बोलणं झालं नाही म्हणून लिहितेय. बाबा, तुम्ही तीनदा "काढून टाक एकदाचं" म्हणालात आणि आई तू नुसतं हं हं करत होतीस, त्यामुळे मला तुझीच जास्त काळजी वाटली.

आधी तुझंच. लहानपणी माझा उजवा कान फुटायचा, तेव्हा वेळेवर दाखवलं नाही म्हणून हे झालं असं तुझ्या डोक्यात असणार, मी ओळखते ना तुला. तसं काहीही नाहीये. कान फुटतो तो पडद्याशी, ही गाठ त्याच्याही बरीच आत आहे, कानातून मेंदूकडे जाणाऱ्या नसेवर. त्या नसेच्या आवरणातल्या एखाद्या पेशीत बिघाड होतो आणि ती हळूहळू वाढत बसते. घराण्यातून येणारा प्रकार असतो तो बहुतेक दोन्ही कानांना होतो, माझा एकाच बाजूला आहे. त्यामुळे तुझ्याकडून नाही, बाबांकडून नाही, मोबाईलमुळे तर नाहीच नाही (बाबा!!).

आणि कॅन्सर नाही. रिपोर्टवर अकूस्टिक न्यूरोमा लिहिलंय, डॉक्टर मात्र व्हेस्टिब्युलर श्वॉनोमा म्हणतात आणि तेच बरोबर आहे, कारण ती ऐकण्याच्या नसेवर नाही, शेजारच्या तोल सांभाळणाऱ्या नसेवर उगवते. ऐकणं जातं ते शेजारधर्मामुळे. आकार ९ मिमी आहे, म्हणजे वाटाण्यापेक्षा जरा मोठी.

कळलं कसं ते पण सांगते. वर्षभर मी फोन डाव्या कानाला लावत होते आणि माझ्या लक्षातही आलं नव्हतं. मग एकदा डाव्या कुशीवर झोपले होते, चांगला कान उशीत दाबलेला, आणि अलार्म वाजतोय हे दुसऱ्यांनी हलवून सांगितलं. ऑडिओमेट्रीला काचेच्या खोलीत बसवून हेडफोनमधून शब्द ऐकवतात, ऐकू आला तसा परत म्हणायचा. डावीकडे सगळे बरोबर. उजवीकडे आवाज येतोय पण शब्द लागत नाहीये, भिंतीपलीकडे कोणीतरी बोलतंय तसं, 'पाणी' आहे का 'गाणी' आहे कळेना, मी आपलं अंदाजे ठोकून देत होते आणि काचेपलीकडच्या मुलीचं पेन थांबलं की समजायचं, हा चुकला. २५ पैकी १९ आले. दोन कानांत एवढा फरक म्हटल्यावर त्यांनी एमआरआय सांगितला, शिरेतून औषध देऊन करतात तो. बाबा, तुम्हाला दोन्ही कानांनी सारखंच कमी ऐकू येतं ते वयाचं, माझं एकाच बाजूचं होतं म्हणून शोधावं लागलं. तरी तुम्ही पण एकदा टेस्ट करून घ्या, टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो.

आता मुद्द्याचं. मी तीन डॉक्टरांना भेटले. सर्जन म्हणाले ऑपरेशन, रेडिएशनवाले म्हणाले रेडिएशन (हसू नका, खरंच असंच झालं), तिसऱ्यांनी सगळं बघून विचारलं की तुम्हाला यातलं काय गमवायला सगळ्यात जड जाईल? हा प्रश्न मला पटला. कारण यात गेलेलं ऐकणं परत आणणारा पर्याय कोणाकडेच नाहीये, प्रत्येकात काय जाऊ शकतं तेवढंच बदलतं.

ऑपरेशन म्हणजे कवटी उघडून. कानामागून आतल्या कानातूनच रस्ता काढला तर त्या बाजूचं ऐकणं पूर्ण गेलंच समजायचं. बाकी दोन रस्ते ऐकणं वाचवायचा प्रयत्न करतात, पण खात्री नाही. आणि खरी गोम वेगळीच आहे, ही गाठ हाडाच्या ज्या बोगद्यात आहे त्यातूनच चेहऱ्याची नस जाते, गाठीला अगदी चिकटून. ती दुखावली तर अर्धा चेहरा लुळा, डोळा मिटत नाही, रात्री पट्टी लावून झोपायचं. लहान गाठीत हा धोका कमी असतो, पण शून्य नसतो. गाठ ३ सेंटीमीटरच्या आसपास जाऊन मेंदूच्या देठाला दाबायला लागली असती तर मी हा विचारच करत बसले नसते, सरळ झोपले असते टेबलावर.

रेडिएशन म्हणजे गॅमा नाइफ, यात नाइफ वगैरे काही नसतं, एका दिवसात होतं, बाहेरून नेमके किरण गाठीवर टाकतात. बाबा, यात गाठ जात नाही. वाढायची थांबते, दहातल्या नऊ जणांत किंवा त्याहून जास्तच. आधी काही महिने थोडी सुजते पण, लोक घाबरतात तेव्हा. आणि पुढे कधी ऑपरेशन करायची वेळ आलीच तर ती चिकटलेली असते, काम अवघड होतं. मी ४१ ची आहे, मला अजून बरीच वर्षं ही नस वापरायचीय.

तिसरं म्हणजे थांबणं आणि स्कॅन करत राहणं. नॉर्वेत १०० पेशंटवर एक अभ्यास झाला, २०२३ मध्ये छापून आला, लहान गाठी, निम्म्यांना लगेच रेडिएशन आणि निम्म्यांना थांबवलं. चार वर्षांनी रेडिएशनवाल्यांची गाठ लहान झाली होती, पण ऐकणं, तोल, रोजचं जगणं यात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. थांबलेल्यांपैकी निम्म्याहून थोड्या जास्त जणांना तोपर्यंत काहीच करावं लागलं नव्हतं. बाकीच्यांना करावं लागलं, हे पण तितकंच खरं.

म्हणून मी थांबतेय. घाबरून टाळतेय असं वाटत असेल तर थोडं ते पण आहे, खोटं कशाला बोलू. पण थांबणं फुकट नाहीये हे मला माहितीये. गाठ जागची हलली नाही तरी कान हळूहळू जाऊ शकतो, ते १९ पुढच्या वेळी १५ होऊ शकतात. ते मी धरून चाललेय. चेहरा आणि आत्ता जेवढं ऐकू येतंय तेवढं, हे दोन्ही आजच पणाला लावायला मन तयार नाही.

सहा महिन्यांनी पुढचा एमआरआय आणि ऑडिओमेट्री, मग दर वर्षी. २ मिमीच्या वर वाढली तर परत बसून ठरवायचं, बहुतेक रेडिएशन. एकदम ऐकू येणं कमी झालं, चेहऱ्याला बधिरपणा आला किंवा चालताना झोकांड्या जायला लागल्या तर तारखेची वाट न बघता त्याच दिवशी जायचं.

तोल तसा ठीक आहे. गाठ इतकी हळू वाढते की मेंदू दुसऱ्या बाजूवर काम चालवायला शिकतो. फक्त अंधारात आणि केस धुताना डोळे मिटले की बाथरूममध्ये जमीन थोडी सरकल्यासारखी वाटते, मग एक हात भिंतीला. त्याचे व्यायाम दिलेत, करतेय, आई आठवण करू नकोस रोज.

बाबा, पुढच्या स्कॅनला तुम्ही या बरोबर, जे विचारायचंय ते त्यांनाच विचारा. मी सांगितलेलं तुम्हाला पटणार नाही. आणि आल्यावर माझ्या डाव्या बाजूला बसा.

तुमची,
ताई