बोर्डावर एक भाव, बांधावर दुसरा

मा. संपादक साहेब, स.न.वि.वि.

तुमच्या पेपरात रोज केळीचा बोर्डभाव (बाजार समितीचा जाहीर दर) येतो, आम्ही सकाळी चहाच्या आधी तो बघतो, पण बांधावर हातात पडतो तो भाव वेगळाच असतो, त्याबद्दल कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र.

मागच्या हंगामात आमच्या नवती (नव्या लागवडीच्या) बागेचं फोनवर क्विंटलला १८०० ठरलं. व्यापारी नेहमीचा, सात-आठ वर्षांचा संबंध, म्हणून मी दुसऱ्या कोणाला फोनच केला नाही. कापणी आज करू उद्या करू करत नऊ दिवस गेले, तिकडे भाव उतरला, आणि गाडी बांधावर लागल्यावर म्हणतो दादा आता १३०० च्या वर जमत नाही. घड पिकायला लागले होते, केळी काय कापसासारखी घरात भरून ठेवता येते का, दिली १३०० ला. रात्रभर झोप नाही आली. राग त्याचा आलाच पण स्वतःचा जास्त आला, कारण गाडी आल्यावर घासाघीस करायला काही उरलेलंच नसतं, जे बोलायचं ते पंधरा दिवस आधी.

यंदा तीन जणांना बाग दाखवली, एक रावेरचा, एक बऱ्हाणपूरचा, आणि एक आखाती देशात माल पाठवणारा (त्याला बिनडागी फण्याच लागतात, सगळा माल तो घेत नाही). तिघांनाही खरं सांगितलं की अजून दोघं बघून गेलेत. ठरलं ते तिथंच व्हॉट्सअॅपवर टाकलं, भाव, कापणीची तारीख, कट्टी (वजनातली कपात) किती, पैसे कधी. त्या तिघांतल्या जुन्या, नेहमीच्या व्यापाऱ्याला वाईट वाटलं, म्हणे एवढा भरवसा नाही का, मी म्हटलं आहे म्हणूनच लिहू, उद्या तुमच्या-माझ्यात तंटा नको. मग तारीख त्यानेच टाकली आणि त्याच दिवशी गाडी आली.

आमच्या वडिलांच्या वेळी गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरायचा, तिसऱ्याला कळायचा नाही. केळीत अजून तेच चाललंय. शेजारच्या नानांना काय मिळालं ते ना नाना सांगतात ना आपण विचारतो, कमी मिळालं तर लाज वाटते. व्यापाऱ्याला मात्र सगळ्यांचे भाव पाठ असतात.

कापसाचं बघा, २०२५ च्या ऑगस्टमध्ये सरकारने ११ टक्के आयात शुल्क काढलं, आधी सप्टेंबरपर्यंत मग डिसेंबरपर्यंत, म्हणजे बाहेरचा कापूस स्वस्त, आणि आमची पेरणी तर कधीच होऊन गेलेली. लांब धाग्याचा हमीभाव ८११० होता पण त्याला सरकारी खरेदीच्या कपास किसान अॅपवर नोंदणी पाहिजे आणि ओलावा १२ टक्क्यांच्या आत. माझ्या मेहुण्याला खेडा खरेदीवाल्यालाच (गावात येऊन घेणाऱ्या व्यापाऱ्याला) द्यायचा होता तरी त्याने नोंदणी करून ठेवली, कापूस चांगला वाळवून भरला, मग दारातल्या व्यापाऱ्याशी बोलताना त्याचा आवाजच वेगळा होता. ज्याच्या डोक्यावर दुकानदाराची उधारी आहे त्या दोन एकरवाल्याला थांबणं परवडत नाही हे मला माहीत आहे, पण नोंदणीला तर पैसे लागत नाहीत.

साहेब एक विनंती, बोर्डभावाशेजारी शेतकऱ्याला प्रत्यक्ष मिळालेला भाव गावनिहाय छापा. आमच्या गावातले दहा-बारा जण रोज कळवायला तयार आहोत, फक्त नावं छापू नका. नाना पण कळवणार आहेत.

आपला,
एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव