आई, तू काही डिलीट करू नकोस

पुणे,
७ डिसेंबर २०२५

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलायला गेलं की तुम्ही स्पीकर लावता. मग आई मधूनच दुधाचं सांगते, बाबा बातम्यांचा आवाज कमी करत नाहीत, आणि मुद्दा राहतो बाजूला. शिवाय पोस्टात छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला काही महत्त्वाचं सांगायचं तर ते पाकिटातून गेलेलं बरं. म्हणून पत्र.

विषय दादाच्या बेताचा. बाबांच्या पंचाहत्तरीला तुम्हा दोघांना आयफोन आणि बाबांना मॅकबुक, असं त्याने टोरांटोहून जाहीर केलंय. सगळं घर एकाच कंपनीच्या छताखाली आणायचं म्हणतो. त्याचा हिशेबही तयार आहे. आयफोन १६ई आला तेव्हाची किंमत ५९,९०० रुपये, असे दोन. मॅकबुक एअर ९९,९००. एकूण २,१९,७००. आकडा ऐकल्यावर "एवढ्याची एनएससी घेतली असती" हे बाबांचं वाक्य मला इथे पुण्यात ऐकू आलं.

खरं सांगायचं तर दादाने आधी मला विचारलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. आता माझं मत फिरलंय. का फिरलं ते लिहिते. पटलं नाही तर खुशाल घ्या, मी रुसणार नाही.

दादाचं सगळंच चुकीचं नाही, हे आधीच सांगते. बाबा, ऑगस्टात तुम्हाला व्हॉट्सॲपवर स्कूटरच्या चलानाचा मेसेज आला होता आणि त्याला एक फाइल जोडलेली होती. तिच्या नावाच्या शेवटी एपीके होतं. ती फाइल म्हणजे पावती नव्हती, ते अख्खं ॲप होतं. एकदा आत शिरलं की तुमचे मेसेज वाचणार, बँकेचा ओटीपी उचलणार. तुम्ही बोट लावलंत, फोनने विचारलं, "अनोळखी ठिकाणचं ॲप घ्यायचं का?" आणि तुम्ही नशिबाने मला फोन केलात. आयफोनवर ती फाइल अशी बोट लावून आत शिरलीच नसती. तिथे ॲप येतं ते कंपनीच्या दरवाजातून. दादाचा सगळा जोर यावर आहे आणि तो बरोबर आहे. फक्त तुमच्या अँड्रॉइड फोनमध्येही हा दरवाजा लावून घेता येतो. मी आले की लावून देईन. पोलिसाचा गणवेश घालून व्हिडिओ कॉलवर "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" म्हणणारे मात्र कुठल्याही फोनवर येतात. त्यांच्यापुढे दोन लाखांचाही उपयोग नाही. फोन ठेवायचा आणि मला लावायचा.

दुसरा मुद्दा आईच्या अंगठ्याचा. आई, नारळ खवून खवून तुझी बोटं इतकी गुळगुळीत झालीत की फोन तुला ओळखतच नाही. पाच वेळा अंगठा दाबायचा, पदराला पुसायचा, पुन्हा दाबायचा, शेवटी आकडे घालायचे. आयफोन चेहरा बघून उघडतो. तुझी ही कटकट खरंच वाचली असती.

तरीही नको, असं माझं म्हणणं आहे.

दिवाळीत तू माझ्या फोनवरून मामीला फोन लावत होतीस ते आठव. बोलणं झालं आणि तुझा अंगठा आपोआप खाली गेला, मागे जायचा बाण शोधायला. तिथे बाण नव्हताच. आयफोनवर डाव्या कडेवरून बोट आत ओढावं लागतं. तू दोनदा खाली दाबलंस, एकदा चुकून टॉर्च लावलास आणि फोन पालथा ठेवून म्हणालीस, "तुझा फोन मुका आहे गं." आम्ही सगळे हसलो. मला ते हसणं नंतर बोचत राहिलं. स्वतःच्या फोनवर तू चष्म्याशिवाय व्हॉट्सॲप उघडतेस, माइक दाबून "आमसुलं संपली, येताना आण" असं बोलतेस आणि तो बरोबर "आमसुलं" लिहितो. "प्लंबर चांगला" आणि "प्लंबर नको" अशी नावं तुझी तू घातली आहेस. तुझा हात त्या फोनवर बसलाय. नवीन फोनवर हे सगळं येईल, पण महिना-दोन महिने तू पुन्हा आम्हाला विचारत बसशील. आणि तू विचारत नाहीस, हे मला माहीत आहे. तू फोन पालथा ठेवतेस.

दादा म्हणतो, सगळ्यांकडे आयफोन असला की तो तिथून तुमची स्क्रीन बघून अडचण सोडवेल. त्याला सांगितलं, व्हॉट्सॲपच्या व्हिडिओ कॉलमध्ये २०२३ पासून स्क्रीन दाखवता येते आणि समोरच्याचा फोन कुठला आहे याने काही फरक पडत नाही. तो गप्प झाला. शिवाय तुम्ही अडता ते सकाळी अकराला, तेव्हा टोरांटोत मध्यरात्र उलटून गेलेली असते. त्या वेळी धावून येतो तो शेजारचा पोरगा, नाहीतर एसटी स्टँडाजवळचा मोबाइलवाला, आणि दोघांचेही हात अँड्रॉइडवरच चालतात. ॲपलचं स्वतःचं दुकान यंदा सप्टेंबरात पुण्यात कोरेगाव पार्कला निघालंय खरं, पण फोनचं दुखणं दाखवायला कुंभार्ली घाट चढून या असं मी तुम्हाला सांगणार नाही.

आता मी का घाबरते ते. हे मी तुम्हाला आजवर सांगितलेलं नाही.

२०२२ च्या जानेवारीत मी आयफोन घेतला. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, सगळं येतं." नंबर आले, फोटो आले. व्हॉट्सॲप उघडलं तर रिकामं. अँड्रॉइडवर असताना व्हॉट्सॲपचा साठा गूगलच्या खात्यात राहतो, आयफोनवर ॲपलच्या आयक्लाउडमध्ये, आणि एकाचं कुलूप दुसऱ्याच्या किल्लीने उघडत नाही. गप्पा इकडून तिकडे न्यायची अधिकृत सोय त्याच वर्षी, मध्यावर आली. मी पाच-सहा महिने थांबले असते तर! मी थांबले तर नाहीच, वर जुना फोन पुसून एक्स्चेंजमध्ये देऊन बसले. साडेचार हजार सुटले म्हणून खूशही होते.

त्यात आजीचे आवाज गेले.

जुलैच्या पुरानंतर ती तुझ्या फोनवरून मला पाठवायची ते, आई. एक मला पाठ आहे. "अगो, तुझ्या आजोबांचं घंगाळ गाळात सापडलं. चेपलंय थोडं. तू जेवलीस का?" मागे कोणीतरी फावड्याने चिखल ओढतंय, त्याचा खर्रखर्र आवाज. नोव्हेंबरात ती गेली आणि जानेवारीत मी ते घालवले. कोणाला सांगायची लाज वाटली. गेल्या महिन्यात दादाचं हे सुरू झालं तेव्हा रात्री एकदम लक्षात आलं की ते मेसेज तुझ्या फोनवरून आले होते. म्हणजे ते तुझ्याकडेही असणार, माझ्याशी झालेल्या गप्पांत, खूप वर, २०२१ च्या जुलै-ऑगस्टात.

तुझा फोन भरलाय, "जागा नाही" म्हणतो, आणि दादाने तुला सगळं साफ करायला सांगितलंय. म्हणून हे पत्र घाईने लिहिते आहे. जागा खाल्ली आहे ती सुप्रभातच्या फुलांनी आणि भिशीच्या ग्रुपवरच्या व्हिडिओंनी. ते मी येऊन काढते. तू हात लावू नकोस.

आता गप्पा नेता येतात हे मला माहीत आहे. केबल जोडून नीट केलं तर येतातही. पण अडीचशे वेळा नीट होणारी गोष्ट नेमकी आपल्या घरी एकदा चुकायला मी धजत नाही.

बाबा, आता तुमच्या कॉम्प्युटरचं. इथे प्रकरण वेगळं आहे, कारण इथे काहीतरी करावंच लागणार आहे. तुमचा सीपीयू २०१६ चा. विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते, तुमची सहावी. विंडोज १० ची मुदत यंदा १४ ऑक्टोबरला संपली. यंत्र बंद पडत नाही, फक्त सुरक्षेची डागडुजी थांबते. ती आणखी एक वर्ष, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत चालू ठेवायची सोय मायक्रोसॉफ्टने दिली आहे. खात्याने लॉगिन करून सेटिंगचा बॅकअप चालू केला की ती फुकट मिळते. ते मी इथून शेजारच्या पोराला फोनवर सांगून करवून घेते. तेव्हा घाई नाही.

पण मॅकबुकच्या आधी कुलवृत्तांताचा विचार करायला हवा. दादाला वाटतं फाइल कॉपी केली की झालं. त्याला दोष देत नाही, त्याने आयुष्यात कधी मराठी टाइप केलेलं नाही. तुम्ही ३१२ पानं लिहिली आहेत ती जुन्या फाँटमध्ये. त्या फाइलच्या पोटात मराठी नाहीच, बाबा. तिथे इंग्रजी अक्षरं आहेत आणि फाँट त्यांना देवनागरीचे कपडे चढवतो. फाँट काढला की खापरपणजोबांच्या जागी स्वल्पविराम, कंस आणि एक्स-झेड दिसायला लागतात. फाँट कदाचित मॅकवर चढेलही, पण ज्या सॉफ्टवेअरवर तुमची बोटं पळतात ते विंडोजचं आहे, तिथे चालणार नाही. म्हणजे वंशावळ दिसेल, पण तिच्यात नवीन नातू घालता येणार नाही.

हे सगळं एकदा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही यंत्राला कळणाऱ्या खऱ्या मराठी अक्षरांत आणलं की मग विंडोज घ्या, मॅक घ्या, फोनवर वाचा, काही अडत नाही. रूपांतर करणारे प्रोग्राम आहेत. मागे तुम्ही ई-मेल केलेली दोन पानं मी एकातून काढून बघितली. नव्वद टक्के उत्तम. उरलेल्यात "कऱ्हाड"चा ऱ्ह मोडला, "सुऱ्या"चं भलतंच काहीतरी झालं, आणि एक चुलत आजोबा रफार हरवून परके झाले. हे मशीनला कळत नाही. तुम्हालाच ओळ न् ओळ तपासावी लागेल. २०२१ च्या पुरात, २१ जुलैच्या रात्री पाणी चढायच्या आत तुम्ही मॉनिटर खाली सोडून सीपीयू खांद्यावरून माळ्यावर नेला होतात. आजी ओरडत होती, "धान्याचा डबा घ्या आधी!" त्या वेळी जे वाचवलंत ते आता एका फाँटच्या हवाली ठेवणं बरं नाही.

माझ्याबद्दल विचाराल तर मी आता आयफोन सोडू शकत नाही. आवडतो म्हणून म्हणाल तर तेवढा काही नाही. घड्याळ त्याचंच, इअरफोन त्याचेच, चार वर्षांचे फोटो तिथे, आणि त्या जागेचे दर महिन्याला पैसे. भाड्याच्या घरात माळे बांधून घेतल्यासारखं झालंय. ह्यांचा फोन अँड्रॉइड, ऑफिसचा लॅपटॉप विंडोजचा, आणि तरी आमचं घर चाललंय. दादाचं एक छत त्याच्या घरापुरतं ठीक आहे.

फोन टिकण्याचं म्हणाल तर आयफोन टिकतो, २०१९ चा आयफोन ११ सुद्धा यंदाचं नवं आयओएस २६ घेतो. पण सॅमसंग आणि गूगलही आता त्यांच्या वरच्या फोनना सात वर्षं अपडेट द्यायचं कबूल करतात. त्यामुळे आईचा फोन बदलायची वेळ येईल तेव्हा त्याच जातीचा, जास्त जागेचा, ज्याच्यावर अंगठ्याऐवजी चेहरा चालतो असा बघू. बाबांच्या फोनला तर हातच लावायला नको. गेल्याच महिन्यात हयातीचा दाखला त्याच्यावर चेहरा दाखवून काढलात. नवा फोन म्हणजे यूपीआय पुन्हा पहिल्यापासून. सिम घाला, फोन बँकेला मेसेज पाठवणार, मग पिन. वर काही बँका पहिला दिवस पाच हजारांच्या पुढे जाऊ देत नाहीत. एवढा उपद्व्याप कशासाठी?

मी संक्रांत झाली की १७ जानेवारीच्या शनिवारी येते, चार दिवस रजा टाकली आहे. त्याआधी बाबा, कुलवृत्तांताच्या सगळ्या फाइल आणि तो फाँट एका पेनड्राइव्हवर घालून मला पाठवा. रजिस्टर करायला जाल, पण ते यंदा स्पीड पोस्टात विलीन झालं, तुम्हालाच दुःख झालं होतं. स्पीड पोस्टाने पाठवा. पुठ्ठ्यात गुंडाळा. दुसरी प्रत माळ्यावर. दादाला मी समजावते. त्याला काही द्यायचंच असेल तर कुलवृत्तांताच्या छपाईचे पैसे द्यावेत, त्याला तुम्ही नाही म्हणणार नाही.

आणि आई, आजीचा घंगाळाचा मेसेज सापडला तर मला पाठवायला जाऊ नकोस. मेसेज दाबून धरला की वर कचऱ्याचा डबा आणि पुढे पाठवायचा बाण शेजारी-शेजारी येतात. मी आले की तुझ्याच फोनवर ऐकेन.

तुमची,
ताई