अण्णा, त्या मातीबद्दल

तीर्थस्वरूप अण्णा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की अण्णा, तुम्ही "बरं बरं" म्हणून फोन आईच्या हातात देता, आणि आई म्हणते, "पांडुरंगाच्या मनात असेल तसं होईल." म्हणून लिहितोय. चष्मा लावून आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधली पानं गाळू नका.

आधी मुद्द्याचं सांगतो. ऑपरेशनची तारीख मी घेतली आहे. येत्या 14 तारखेला, लातूरला. 12 ला भरती व्हायचं. तुम्हाला न विचारता घेतली, त्याबद्दल रागवा, पण मोडू नका. हृदयाच्या तीन नसा बंद आहेत. डॉक्टरांनी मला पडद्यावर दाखवलं, रक्त जाता जाता मधेच थांबतंय. नुसत्या गोळ्यांवर भागेल का, म्हणून मी दुसरीकडंही दाखवलं, त्यांनीही बायपासच सांगितलं. पैशाचं मनात आणू नका. फुले योजनेत वर्षाला कुटुंबामागं 5 लाखांपर्यंत मिळतं, आपलं त्यात बसतंय, कागद मी दिलेत. पुण्याला आणलं असतं, पण चौथ्या मजल्यावर तुमचा जीव कोंडतो हे मला माहीत आहे. लातूरला चुलते सकाळच्या एसटीनं डबा आणतील. ज्वारीची भाकरीच मिळेल, दवाखान्यातली पोळी खावी लागणार नाही, हे मी चुलतीशी बोलून ठेवलंय. आईला खोलीत झोपायला बाकडं आहे, गादी मी घेऊन येतो.

आता ज्यासाठी हे पत्र आहे ते.

आई, मागच्या महिन्यात तू म्हणालीस, "बांधावर चक्कर आली त्यालाही काही कारण असेल. कारणाशिवाय पान हलत नाही." आणि अण्णा हळूच म्हणाले, "हिशेब बाकी होता माझा." आईला ते ऐकू गेलं नाही. मला गेलं. तेव्हापासून झोप नाही.

अण्णा, कुठला हिशेब ते मला माहीत आहे. माळवदावरच्या, घराच्या त्या सपाट धाब्यावरच्या मातीचा.

भूकंपाच्या साली, 1993 ला, पावसाळ्याआधी तुम्ही वर पांढरी माती टाकली होती. मी सहा वर्षांचा होतो, तरी मला दिसतं. तुम्ही शिडीवर, खालून ताई टोपलं द्यायची. तिच्या टोपल्याला एक कान नव्हता, म्हणून ती ते पोटाशी धरायची आणि तिचं परकर-पोलकं पांढरंफट्ट व्हायचं. मग तुम्ही चोपण्यानं माती चोपत होतात आणि ती खालून ओरडायची, "अण्णा, अजून देऊ का?" तुम्ही म्हणालात, "दे, यंदा गळायला नको."

त्या रात्री गणपती बुडवून सगळे उशिरा झोपले. तुम्ही हायब्रीड ज्वारीच्या राखणीला शेतात. मला तहान लागली म्हणून आईनं मला दाराशी माठापाशी आणलं. ताई आत, आजीजवळ. 3 वाजून 56 मिनिटांनी सगळं झालं.

आई, तू मला लहानपणापासून सांगितलंस की देवानं मला तहान लावली, कारण मी वाचायचं होतं. मी ते ऐकत मोठा झालो. ताप आला तरी वाटायचं, मला ठेवलंय ते कशासाठी तरी, आपण नुसतं पडून कसं राहायचं. पण आई, माझ्या तहानेला कारण होतं असं धरलं, तर ताईला तहान न लागण्यालाही कारण होतं असं धरावं लागतं. ते मला धरता येत नाही. तुलाही येत नसणार, म्हणूनच तिचं नाव निघालं की तू चुलीकडं वळतेस.

माझं काम बांधकामाचं, त्यामुळं त्या पहाटेचं मी बरंच वाचलंय. कशामुळे झालं हे सांगता येतं. आपल्या भिंती दोन-अडीच हात जाड, काळ्या दगडाच्या. आतला एक पदर, बाहेरचा एक पदर, मधे चिखल आणि बारीक दगड. दोन्ही पदर धरून ठेवणारा लांब आडवा दगडच कुठं नाही. जमीन हलली की पदर सुटले आणि भिंत कोसळली. पुष्कळ घरांत लाकडी खण, म्हणजे खांब-तुळया, उभे राहिले, भिंती तेवढ्या पडल्या. माळवदाचं वजन वाईटच, तुम्हाला खोटं सांगणार नाही. पण माती सगळ्यांनी टाकली होती, तुमच्या वडलांनी, त्यांच्या वडलांनीही. न टाकावी तर गळायचं. आणि सरकारी नकाशात तेव्हा आपला भाग भूकंपाच्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. 2002 साली तो बदलला. आदल्या साली, 1992 ला, हादरे बसले तेव्हा आपण अंगणात झोपलोच होतो ना? मग किती दिवस झोपणार होतो?

कशामुळे, हे एवढं. कशासाठी, याचं उत्तर मला सापडलं नाही, आणि मला वाटतं ते नसतंच. आई, तुझ्या पांडुरंगाला मी काही म्हणत नाही. तू माळ ओढ, मला त्या आवाजानंच झोप लागायची. पण नऊ वर्षांच्या पोरीचा जीव घेऊन बापाच्या नावावर हिशेब मांडणारा देव तुझा नाही, हे तूच अण्णांना सांग. माझं ते ऐकणार नाहीत.

अण्णा, नसा बंद झाल्या त्या चाळीस वर्षांच्या तंबाखूनं, साखरेच्या आजारानं. शिक्षा म्हणून नाही झाल्या. तुम्ही त्या दिवशी हातानं दगड उपसत होतात, नखं निघाली होती, मी चुलत्याच्या खांद्यावरून बघत होतो. तुम्ही अजून काय द्यायचं राहिलंय?

आता कामाचं. तंबाखूची डबी आजच चुलत्याकडं द्या, उशीखाली ठेवलेली दुसरीसुद्धा. रक्त पातळ करायची निळ्या पाकिटातली गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशीच बंद करायची, बाकी एकही गोळी मनानं सोडायची नाही. आई, ऑपरेशनपर्यंत एकादशी धरायची नाही, साखर कमी झाली तर तिथं दोन खाटा लागतील. गाय चुलत बहीण पिळील, तिला पेंडीचे पैसे मी दिलेत. शेताकडं जायचं नाही. सोयाबीन जाऊ द्या.

घाबरू नका. मी 11 लाच येतोय, पंधरा दिवसांची रजा टाकलीय. ऑपरेशनला तुम्हाला आत नेतील तेव्हा दारापर्यंत मी हात धरून येईन.

आणि आई, पिशवीत अण्णांचे समोरून बटणं असलेले सदरे भर. नंतर दीड-दोन महिने त्यांना हात वर करून कपडा घालता येणार नाही. निळा चौकड्यांचा आहे ना, त्याचं वरचं बटण तुटलंय, तेवढं लाव.

तुमचा,
बाळू