आंब्याचे कॅनिंग सुपाला चालत नाही

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला डबाबंद सुपावरचा लेख आवडला. पण लेखाखालच्या चौकटीत पावसाळ्याच्या बेगमीसाठी दिलेली कृती धोक्याची आहे. चिकनचे किंवा मुगाचे सूप गरम असतानाच बाटलीत भरा, झाकण घट्ट लावा, बाटल्या अर्धा तास उकळत्या पाण्यात ठेवा, फडताळात तीन महिने टिकेल, असे त्यात म्हटले आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा धोका जास्तच, कारण मे महिन्यात आपल्याकडे आंब्याचा रस नेमका असाच भरतात आणि तो टिकतो. हाताला सवयीची कृती म्हटल्यावर कोणाला शंका येणार?

रस टिकण्यात उकळण्याइतकाच वाटा आंबटपणाचा आहे. हापूस कितीही गोड लागला तरी त्याच्या रसाचा पीएच (आंबटपणाचे माप, आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) साधारण ४ च्या आसपास असतो, आणि कारखानदार गरजेप्रमाणे सायट्रिक आम्ल घालून तो वर जाऊ देत नाहीत. क्लॉस्ट्रिडियम बॉट्युलिनम या जीवघेणे विष तयार करणाऱ्या जिवाणूचे बीजाणू (त्याची चिवट, सुप्त रूपे) १०० अंशांवर तासन्‌तास उकळूनही जगतात, पण पीएच ४.६ च्या खाली असला की ते रुजत नाहीत. चिकन, मूग, मटार, मश्रूम, नारळाचा रस हे सगळे या रेषेच्या बरेच वर आहेत. उकळून हवा निघून गेलेली बाटली, घट्ट झाकण आणि फडताळातली उबदार जागा, या जिवाणूला आणखी काही लागत नाही. विष तयार झाले तरी वास येतोच असे नाही, झाकण फुगतेच असेही नाही.

टोमॅटो तर बरोबर काठावर आहे. नुसता टोमॅटो भरायचा असला तरी लिटरच्या बाटलीला अर्धा चहाचा चमचा सायट्रिक आम्ल घालायचे असते. त्यात कांदा, गाजर, लोणी पडले की हा हिशेबही कोलमडतो. सायट्रिकऐवजी आगळ (कोकमाचा खारवलेला रस) घालू नये, कारण प्रत्येक घरच्या आगळाचा आंबटपणा वेगळा.

कारखान्यात सुपाचे डबे दाबाखालच्या वाफेत साधारण १२१ अंशांपर्यंत तापवतात. बीजाणू मारायला त्या तापमानाला तीनेक मिनिटे पुरतात, पण ती डब्याच्या मधोमध मिळावी लागतात, आणि सगळी गोम तिथेच आहे. पातळ रस्सा डब्यात फिरतो आणि लवकर तापतो. पीठ लावलेले सूप जागचे हलत नाही. कडेचे करपायला आले तरी मधले मागेच राहते. म्हणूनच अमेरिकेच्या कृषी खात्याच्या घरगुती कॅनिंगच्या सूचनांत पीठ, शेवया, भात, दूध किंवा साय घातलेले सूप भरायला सरळ मनाई आहे. पातळ सूप चालते, तेही प्रेशर कॅनरमध्ये, म्हणजे बाटल्या दाबाखाली तापवायच्या मोठ्या भांड्यात: निम्मे तुकडे, निम्मा रस्सा, अर्ध्या लिटरच्या बाटलीला ६० मिनिटे, मासळी असेल तर १०० मिनिटे.

आपला शिट्टीचा कुकर या कामाचा नाही. त्याला दाब दाखवणारा काटा नसतो. आतली हवा पुरती बाहेर काढली नाही तर वाफ आणि हवेचे मिश्रण दाबाच्या मानाने थंड राहते. शिवाय भांडे लहान, म्हणून ते झटकन तापते आणि झटकन निवते. मोठ्या कॅनरच्या वेळा त्याला लावता येत नाहीत.

सूप साठवायचेच असेल तर फ्रीझर बरा. पातळच गोठवावे, कॉर्नफ्लॉवर नंतर लावावे. आधी लावले तर वितळताना पाणी सुटते. आपल्याकडे पावसात वीज जाते, म्हणून हेही सांगायला हवे: गच्च भरलेला फ्रीझर उघडला नाही तर सुमारे ४८ तास तग धरतो, अर्धा भरलेला २४ तास.

लेखातली दुसरी त्रुटी धोक्याची नाही, फक्त पदार्थ फसवणारी आहे. परदेशी पाककृतींत ‘एक कॅन क्रीम ऑफ मश्रूम’ असते, तिथे लेखिका सूप पावडरचे एक पाकीट सुचवतात. तो डबा आटवलेल्या सुपाचा असतो. अमेरिकेतल्या कॅम्पबेल या सूप कंपनीत जॉन डोरन्स यांनी १८९७ मध्ये सुपातले निम्मे पाणी काढले. वजन आणि वाहतूक घटली, डबा दहा सेंटला विकता आला. प्यायचे तर तेवढेच पाणी घालायचे, पण पाककृतीत तो घट्ट सॉस म्हणून तसाच पडतो. पुढे कंपनीच्याच स्वयंपाकघराने अशा पाककृती रचल्या, १९५५ चे फरसबीचे कॅसरोल (ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ) त्यातले सर्वांत गाजलेले. डबे खपवण्याचा हा सर्वांत हुशार मार्ग होता, असे आम्हाला वाटते. अमेरिकी चित्रकार अँडी वॉरहॉलने १९६२ मध्ये कॅम्पबेलचे ३२ डबे रंगवले तेव्हा ते लाल-पांढरे लेबल ६४ वर्षांचे होते. त्याने डबा प्रसिद्ध केला असे लेखात म्हटले आहे, खरे तर डबा आधीच घराघरात होता म्हणून त्याने तो निवडला.

पावडरचे चौघांचे पाकीट बऱ्याच पाण्यासाठी असते. ते सगळे कपभर सॉसमध्ये रिकामे केले की पदार्थ खारट होणारच. त्याऐवजी तीन मोठे चमचे लोणी आणि तितकाच मैदा मंद आचेवर दोन मिनिटे परतावा, अर्धा कप दूध आणि अर्धा कप चिकनचे किंवा भाजीचे पाणी थोडेथोडे घालत ढवळावे, आणि मूठभर परतलेले मश्रूम मिसळावेत. एका डब्याचे काम भागते.

पाकिटावरच्या चित्राला भुलू नये. मागची घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, कॉर्नफ्लॉवर, साखर आणि मीठ कितव्या जागेवर आहेत ते पाहावे. भाज्या वर दिसाव्यात म्हणून जाहिरातीतल्या सुपाच्या वाडग्यात तळाशी काचेच्या गोट्या टाकल्याचे प्रकरण कॅम्पबेलवर शेकले होते. १९७० मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) तो प्रकार बंद करायला लावला.

पावडरच हवी तर कुळथाचे पीठ कोकणात घरोघर असतेच. चौघांसाठी चार मोठे चमचे पीठ वाटीभर गार पाण्यात कालवावे. लसूण-मिरचीच्या फोडणीत चार वाट्या पाणी उकळले की धार धरून ओतावे आणि हात थांबवू नये. पीठ थेट उकळत्यात टाकले तर गुठळीची बाहेरची बाजू आधी फुगते, आत कोरडेच राहते. मग आमसुले, मीठ, ओले खोबरे. हे पीठ कोरडे असल्याने टिकते, म्हणून डब्यात ओला चमचा घालू नये.

चौकटीतली कृती पुढच्या अंकात ठळकपणे मागे घ्यावी, ही विनंती. ज्यांनी तशा बाटल्या भरून फ्रीजबाहेर ठेवल्या असतील त्यांनी त्या उघडू नयेत, चव तर मुळीच घेऊन पाहू नये, गुरा-कुत्र्यांना घालू नये. बाटल्या न उघडता दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाकाव्यात. कोणी हे सूप आधीच प्यायले असेल आणि दोन-दोन दिसणे, पापण्या जड होणे, गिळताना अडखळणे असे काही जाणवले तर वाट न पाहता रुग्णालय गाठावे आणि काय खाल्ले ते डॉक्टरांना सांगावे.

– फळप्रक्रिया व्यवसायातील दोन वाचक, वेंगुर्ले