ओठाचा व्रण आणि लोकांचे प्रश्न

संपादक महोदय,

आमची लेक दत्तक आली तेव्हा 14 महिन्यांची होती, वरचा ओठ डावीकडे नाकापर्यंत दुभंगलेला. ही शस्त्रक्रिया एरवी 3 ते 6 महिन्यांच्या वयात होते. आमची कागदपत्रांत लांबली.

शस्त्रक्रिया एका सकाळीच उरकली, कस लागला तो नंतरच्या पंधरवड्यात. हात तोंडाकडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही कोपरांना पट्ट्या; बिचारी हात ताठ धरून घरभर फिरायची, खेळणं उचलायला गेली की खांद्यातून वाकायची. बाटली, चोखणी बंद. पातळ अन्न चमच्याने, तेही कडेकडेने. प्रत्येक खाण्यानंतर टाके पुसून मलम. त्यात ती घरी येऊन जेमतेम दोन महिने झालेले. दुखलं की कुणाला बिलगायचं, हेच तिचं ठरलं नव्हतं. चौथ्या रात्री आपण होऊन तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. (रडले मीच.)

पुढे व्रण लाल, कडक झाला आणि ओठ वर ओढल्यासारखा दिसू लागला. आम्ही घाबरलो. व्रण नरम पडायला वर्षही लागू शकतं, हे घरी सोडतानाच डॉक्टरांनी सांगायला हवं होतं.

आणि ‘जन्मदात्या आईने काय खाल्लं असेल?’ असं लेकीसमोर विचारणाऱ्यांसाठी: ओठ गरोदरपणाच्या चौथ्या ते सातव्या आठवड्यात जुळतो. तेव्हा अनेकींना दिवस गेल्याचंही ठाऊक नसतं.

– एक आई