बर्फाचे यंत्र आणि धूळवाफ पेरणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बर्फ कमी पडू लागला तरी कृत्रिम बर्फाची यंत्रे आल्यामुळे स्कीच्या मैदानांना आता चिंता उरलेली नाही, असा सूर आपल्या हिवाळी पर्यटनावरील लेखात होता; तो पटला नाही. ही यंत्रे पाण्याचे तुषार थंड हवेत उडवतात, आणि त्यांचा बर्फ व्हायचा तर हवेतील ओलावा धरून मोजलेले तापमान साधारण उणे 2 अंशांच्या खाली असावे लागते. म्हणजे ज्या उबदार हिवाळ्यात यंत्राची सर्वांत जास्त गरज, त्याच हिवाळ्यात ते चालवण्याजोग्या रात्री कमी मिळतात.

युरोपातील स्की मैदानाच्या व्यवस्थापकाला नाताळच्या सुटीतील कमाई साधायची असते. नोव्हेंबरात दोन-चार थंड रात्री मिळाल्या की पाणी आणि वीज खर्चून उतारावर थर घालावा की थांबावे, हे त्याला ठरवावे लागते. थर घातल्यावर पाऊस झाला तर पैसा वितळून जातो आणि थांबल्यावर थंडी परतलीच नाही तर सुटी हातची जाते. आमच्या बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यात धूळवाफ पेरणी करणाऱ्यांना हा पेच समजावून सांगायला नको. मे अखेरीस कोरड्या मातीत भात पेरले आणि उगवणीनंतर पावसाने ओढ दिली, तर रोपे करपून दुबार पेरणी नशिबी येते. न पेरता थांबावे आणि पाऊस एकदम कोसळावा, तर शिवारात कुरी (पेरणीचे अवजार) चालत नाही. अंदाज खरा ठरेल का, यापेक्षा यातली कोणती चूक आपल्याला परवडेल, हाच हिशेब दोघेही करतात.

काही ठिकाणी बर्फाची बेगमीही करतात. स्वित्झर्लंडमधील दावोस येथे हिवाळ्यातला बर्फ लाकडी भुशाखाली उन्हाळाभर झाकून ठेवतात आणि हंगामाच्या आरंभी पसरतात. (आमच्या रसवंतीवाल्याची युक्ती तिकडेही चालते, याची गंमत वाटली.)

स्पर्धा पुढे ढकलता येते. गुलमर्गच्या 2025 मधील खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये गेल्याच. पाळण्यांची नवी लिफ्ट उभारण्याचे मात्र तसे नाही. तिचा खर्च कित्येक हंगामांत भरून निघायचा असतो, आणि तिथे आठवड्याचा हवामान अंदाज कामाचा नाही आणि मागच्या तीस वर्षांची सरासरीही पुरती विश्वासाची उरलेली नाही.

या विषयावर पुन्हा लेख आला, तर यंत्रे किती बसवली यासोबत ती किती रात्री चालवता आली, हेही छापावे, ही विनंती.

कळावे,
एक भात उत्पादक वाचक,
जांबोटी परिसर, ता. खानापूर